वऱ्हाडातील संक्रांत आणि दोन दोऱ्यांचा पतंग

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ सोडून मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशने मागे टाकू लागली, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वऱ्हाड आल्याची खूण प्रवाशास कोणास विचारावी लागत नाही. रुळांच्या दोहों बाजूंस वेचण्या संपत आलेल्या पऱ्हाट्या, मधूनमधून वाळत आलेली तूर, हरभऱ्याचे हिरवे तुकडे. आणि गाव जवळ आले की तारांवर, बाभळींवर, पाण्याच्या टाक्यांच्या शिड्यांवर अडकलेले रंगीबेरंगी कागद. गुजरातेतील उत्तरायणाची कीर्ती देशभर झाली आहे. वऱ्हाडातील पतंगांची कोणी जाहिरात करीत नाही. येथे तिळगूळ, हळदीकुंकवाची वाणे आणि पतंग ही तिन्ही कामे त्याच चार दिवसांत उरकावयाची असतात, आणि घरातील निम्मी माणसे जिन्याखाली व निम्मी गच्चीवर अशी वाटली गेलेली असतात.

यंदा संक्रांतीस आम्ही प्रथम अकोल्यास धाकट्या बहिणीकडे उतरलो व तेथून अमरावतीस वडिलोपार्जित घरी गेलो. या दोन मुक्कामांत नवे असे स्थळ एकही पाहिले नाही. परंतु एक पतंग मात्र पूर्वी कधी पाहिला नव्हता असा पाहिला, आणि त्याच्यापायी आमच्या घरातील चार वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणाची फेरतपासणी झाली.

अकोल्याच्या किल्ल्यास असदगड म्हणतात. औरंगजेबाच्या अमदानीतील असदखानाच्या नावावरून हे नाव पडले. मोर्णेच्या काठच्या या गढीवजा किल्ल्यात उंचावर हवाखाना म्हणून एक जागा आहे. वऱ्हाडचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्यास हवा खाण्यासाठी स्वतंत्र इमारत बांधणाऱ्याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. मात्र जानेवारीत तेथे हवा शोधावी लागते. हिवाळ्यात या प्रांतात वारा मंद असतो. सकाळी नऊ-दहापर्यंत झाडाचे पान हालत नाही, दुपारी जमीन तापली की झुळका सुरू होतात आणि दिवस कलताच पुन्हा सारे निपचित पडते. येथील पतंग पातळ कागदाचा आणि कामट्या तासून तासून गवताच्या काडीसारख्या केलेला का असतो, याचे उत्तर या मंद वाऱ्यात आहे. समुद्रकाठचा जाड पतंग येथे गच्चीचा कठडाही ओलांडणार नाही.

बहिणीच्या घरची मुले गच्चीवर होती. वऱ्हाडी मुलांच्या तोंडी पतंग बहुधा स्त्रीलिंगी असते; ती कटते, ती झोल खाते, ती गोता मारते. गुंडाळायच्या साधनास येथे चक्री म्हणतात, काच न लावलेल्या साध्या दोऱ्यास सद्दी, आणि पतंगास दोरा जोडण्यासाठी कमान व उभी काडी यांना मिळून जी दुपदरी बांधणी करतात तिला कन्नी. पलीकडच्या गच्चीवरून 'ओ काट' अशी आरोळी उठली की एखाद्याचा पतंग गेला असे समजावे. मग दहा वर्षांचा मुलगा असो की पन्नाशीचा गृहस्थ, दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच विषाद उमटतो.

हा साधा चौकोनी कागद एकाच दोऱ्यावर डावी-उजवीकडे कसा वळतो, हे कोडे आम्हांस लहानपणी सुटले नव्हते. ते आमच्या भाच्याने उलगडून दाखविले. हा भाचा जर्मनीत यंत्रशास्त्रज्ञ म्हणून नोकरीस असून सणासाठी आईकडे आला होता. त्याचे म्हणणे असे की, दोरा ताणला म्हणजे वाऱ्याच्या दाबाने कमान मागे वाकते, पतंगाचे दोन्ही पंख किंचित मागे मुडपले जातात व तो स्थिर होऊन नाक ज्या दिशेस असेल त्या दिशेने सरळ धावतो. ढील दिली की तो पुन्हा सपाट होतो, सपाट झाला की अस्थिर होतो, आणि जागच्या जागी फिरू लागतो. फिरता फिरता नाक हव्या त्या बाजूस आले की पुन्हा खेच द्यावयाची. म्हणजे वळविण्याची सारी विद्या ढील नेमकी कोणत्या क्षणी थांबवावी यात आहे. हे ऐकून बहिणीचा बारा वर्षांचा पुतण्या म्हणाला, "हे तर आम्हाले माहीतच हाये, मामा, फक्त सांगता येत नव्हतं." शास्त्राविषयी याहून समर्पक उद्गार आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकला नाही.

रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने एक लांबट पिशवी सोडली. आतून काळ्या नळ्या व पातळ कापडाचा घडी केलेला त्रिकोण निघाला. नळ्या कार्बनच्या तंतूंच्या, बोरूएवढ्या जाड; कापड बारीक चौकड्यांचे, फाटलेच तर चीर पुढे धावू नये अशा विणीचे. सारे जोडल्यावर पावणेदोन मीटर रुंदीचा, भल्या मोठ्या वटवाघळासारखा एक पतंग दिवाणखान्यात उभा राहिला. वजन मात्र अडीचशे ग्रॅमांच्या आत. त्यास दोन कन्न्या, दोन दोरे, आणि दोन्ही हातांत घालावयाच्या दोन पट्ट्या. उजवा दोरा ओढला की पतंग उजवीकडे वळतो, डावा ओढला की डावीकडे. दोन्ही सम धरले की सरळ. कागदी पतंग जे ढील आणि खेच यांच्या लपंडावाने करतो, ते येथे बैलाच्या कासऱ्याप्रमाणे उघड उघड होते.

असले पतंग ही काही अगदी कालची गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आरमारातील पॉल गार्बर यांनी तोफखान्याच्या नेमबाजीसाठी दोन दोऱ्यांनी वळविता येणारा पतंग तयार केला होता. त्यावर शत्रूच्या विमानाची आकृती रंगवीत आणि तो आकाशात कोलांट्या घेत असता खलाशी त्यावर गोळ्या झाडण्याचा सराव करीत. पुढे 1948 साली फ्रान्सिस रोगॅलो व त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी ताठ सांगाड्यावाचून फुगणाऱ्या कापडी पंखाची कल्पना मांडली, आणि 1972 साली इंग्लंडात पीटर पॉवेल यांनी दोन दोऱ्यांचा पतंग बाजारात आणून तो घरोघरी पोहोचविला. भाच्याचा पतंग त्याच वंशातला, परंतु मंद वाऱ्यासाठी मुद्दाम हलका केलेला. माणसाच्या चालीएवढा, म्हणजे ताशी चार-पाच किलोमीटरांचा वारा असला तरी तो उडतो असे त्याने सांगितले. ताई म्हणाली, "तो उडेल रे, पण अमरावतीस नानांपुढे हे काढू नकोस."

आता ते प्रकरण सांगितले पाहिजे. नाना आमचे थोरले काका. वय चौऱ्याहत्तर, जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेले. त्यांच्या तरुणपणी जवाहर दरवाजाच्या आतल्या गल्ल्यांत त्यांच्या पतंगास पेच लावण्यापूर्वी लोक वारा पाहात नसत, नानांचा चेहरा पाहात असत. चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमची चुलत वहिनी स्कूटरवरून घरी येत असता उड्डाणपुलावर आडवा आलेला नायलॉनचा मांजा तिच्या गळ्यात बसला. तिने हात मध्ये घातला म्हणून गळा वाचला. हातास अकरा व गळ्यास सात टाके पडले. तो मांजा कोणाचा, कोठून कटलेला, हे कोणास कळणार? नानांनी त्या रात्री घरातील तिन्ही चक्र्या बंबात घातल्या. त्यांवरचा दोरा सुती होता, त्याचा या अपघाताशी संबंध नव्हता, पण नाना म्हणाले, "कटलेल्या पतंगामागे किती दोरा गेला याचा हिशेब मी तरी आयुष्यात कधी ठेवला?" तेव्हापासून घरात पतंग बंद. मुले रुसली, धाकट्यांनी रदबदली केली, परंतु निकाल फिरला नाही.

अकोल्याहून अमरावती सुमारे शंभर किलोमीटर. मूर्तिजापुरावरून जाणारा हा रस्ता आता इतका सफाईदार झाला आहे की त्यावर बोलावयास काही उरलेले नाही. लोणी ते माना या गावांदरम्यान 2022 सालच्या जून महिन्यात 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरून त्याचा जागतिक विक्रम नोंदविला गेला होता. पूर्वी याच वाटेवर खड्डे चुकविण्यात प्रवाशांचा वेळ बरा जात असे. अमरावती जवळ आली की आम्ही अजूनही परकोट शोधतो. पेंढाऱ्यांच्या भयाने 1807 साली बांधावयास घेतलेली ही तटबंदी जुन्या वस्तीला कवळून होती. तिचे काही दरवाजे व तुकडे शाबूत आहेत. त्यावर बसून कटलेले पतंग लुटणारी आमच्या बाळपणाची पिढी मात्र आता चष्मे लावून खाली उभी आहे.

भाच्याने ताईचा सल्ला मानला नाही. अंबादेवीचे दर्शन घेऊन आल्यावर त्याने पिशवी नानांच्या खुर्चीपाशीच उघडली. नानांनी नळ्या हातांत घेऊन पाहिल्या, कापडास बोट लावले आणि विचारले, "हे कोठून आणलेस?"

"जर्मनीतून, नाना."

"बरे केलेस. आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला देशी खेळ नेऊन दाखविले होते. तिकडून एखादा खेळ परत यावयास हरकत नव्हती." एवढे बोलून ते थांबले, आणि दोऱ्याची रीळ उचलली. "हा दोरा कशाचा?"

भाच्याने खरे ते सांगितले. दोरा डायनीमा नावाच्या कृत्रिम तंतूचा. काच नाही, लेप नाही, ताणाने वाढत नाही, आणि गुळगुळीत इतका की दोन दोरे एकमेकांस चार-पाच पीळ बसले तरी एकमेकांवरून सरकतात. म्हणून पतंगास लागोपाठ कोलांट्या देता येतात. तो कटत नाही, कोणास कापावयाचाही नसतो, आणि पंचवीस मीटरांच्या पलीकडे जातही नाही.

नाना उठले व आतून कात्रणांची एक फाइल घेऊन आले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 11 जुलै 2017 रोजी देशभर जी बंदी घातली, तिचे शब्द त्यांनी वाचून दाखविले. बंदी केवळ काचेच्या नायलॉन मांज्यावर नाही. पतंग उडविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नायलॉनच्या वा कोणत्याही कृत्रिम, न कुजणाऱ्या दोऱ्यावर आहे. "पुढे 2021 साली नागपूर खंडपीठाने याची आपण होऊन दखल घेतली, ती का घेतली? लोक मरत होते म्हणून. तुझा दोरा सभ्य आहे, हे मी मान्य करतो. पण कायद्याने सभ्य-असभ्य असा भेद केलेला नाही."

भाचा म्हणाला, "नाना, उद्देश पाहावा लागेल ना? हा मांजा नव्हेच."

"तो युक्तिवाद तू न्यायाधीशांपुढे कर. माझ्या घरातून हा दोरा बाहेर जाणार नाही."

आम्हांस भाच्याचे म्हणणे पटत होते. आजही ते सर्वस्वी चूक होते असे वाटत नाही. परंतु ज्या घरात गळ्याचे टाके काढून झाले आहेत त्या घरात दोऱ्याच्या बाबतीत शब्दास शब्द लावून वागण्याचा अधिकार नानांना होता, हेही तितकेच खरे. मुलांची तोंडे उतरली. तेवढ्यात ज्या वहिनीला तो अपघात झाला होता, तीच चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "मग सुताचा लावा की. वऱ्हाडात राहून सुताला काय तोटा?"

हे कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. नानांनी फाइल मिटली. "चालेल," ते म्हणाले, "पण दोन अटी. गावाबाहेर, जेथे वरून तार नाही आणि खालून वाट नाही अशा ठिकाणी. आणि नेला तेवढा दोरा मोजून परत आणावयाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात सद्दी घेण्यास गेलो. वऱ्हाडात कापूस पिकतो आणि पतंगाचा मांजा नावाजला जातो बरेलीचा, ही विसंगती आम्हांस नेहमीच खटकत आली आहे. दुकानदाराने नऊतारी सद्दी दाखविली. दोन रिळे अगदी एका जातीची हवीत असे म्हणताच तो विचारू लागला, "दोन सारख्या काहून पाह्यजेत, काका? पतंग तं एकच हाये ना?" दोन दोऱ्यांचा पतंग आहे असे सांगितल्यावर त्याने क्षणभर विचार केला. "मंग पेच कशी लावता?" पेच लावावयाचाच नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्याने पैसे घेतले, पण आमच्याविषयी त्याचे मत काही चांगले झाले नसावे.

सुती दोऱ्याने काम वाढविले. एकेरी सद्दी पुरेशी बळकट नव्हती म्हणून ती दुहेरी करून पीळ द्यावा लागला. शिवाय सूत ताणाने वाढते, आणि दोन्ही दोरे सारखेच वाढतील याचा भरवसा नसतो. अर्ध्या बोटाचा फरक पडला तरी पतंग एका अंगावर कलू लागतो आणि नवशिक्यास वाटते की आपला हातच वाकडा आहे. याला उपाय एकच. अंगणात खुंटी ठोकून दोन्ही दोऱ्यांची टोके तिला अडकवावयाची, दुसरी टोके एकत्र ओढून पाहावयाची, आणि जो लांब भरेल त्यास गाठ मारून आखूड करावयाचा. नानांनी हे काम मागून घेतले. प्रथम त्यांनी दोन्ही दोरे खुंटीस ताणून तासभर तसेच ठेविले, म्हणजे वाढावयाचे ते आधीच वाढून जाईल; मग हाताने मोजले. प्रत्येकी पंचावन्न हात. हा आकडा त्यांनी कात्रणांच्या फायलीवर पेन्सिलीने टिपून ठेविला.

जागा कोणती, यावरही चर्चा झाली. बडनेऱ्याच्या अंगास मोकळे रान पुष्कळ आहे. परंतु तिकडे बेलोऱ्याचा विमानतळ 16 एप्रिल 2025 पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे, तेव्हा त्या दिशेचे नावच काढावयाचे नाही असे ठरले. 1934 च्या विमानविषयक कायद्यात विमानाच्या व्याख्येतच पतंगाचाही समावेश होता, ही माहिती नानांनी जाता जाता पुरविली. तो कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून नवा आला असला तरी विमानांच्या वाटेत दुसरे विमान आपण कशाला न्यावे, असे ते म्हणाले. शेवटी वलगावच्या बाजूस एका आप्ताचे वावर होते तेथे गेलो. वाटेत पेढी नदीचा पूल लागतो. याच परिसरात 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. नानांच्या वडिलांनी बाबांचे कीर्तन ऐकले होते. पुलावरून जाताना नाना दर वेळी हात जोडतात, तसे त्यांनी याही वेळी जोडले.

वावरातील सोयाबीन केव्हाच निघाले होते व पुढे काही पेरलेले नव्हते. एका कडेस मात्र पऱ्हाट्या उभ्या होत्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. भाच्याने वाऱ्याकडे पाठ करून पतंग पंचावन्न हातांवर उभा केला आणि दोन्ही हात मागे ओढले. पतंग माणसाच्या उंचीएवढा उठला, विचार करीत थांबला आणि नाकावर पडला. असे दहा-बारा वेळा झाले. मुलांनी आरंभी टाळ्या वाजविल्या, मग त्या थांबविल्या, आणि शेवटी ती बोरे शोधण्यास गेली.

नाना धुऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हाक मारली, "कन्नी पाहू." कापडाच्या पाठीमागील नळ्यांना जोडलेल्या दोन्ही कन्न्यांच्या गाठी सरकत्या होत्या. नानांनी आपल्या अनुभवाप्रमाणे त्या खाली घेतल्या. आता पतंग तेवढाही उठेना. भाचा भीत भीत म्हणाला, "नाना, यात उलटे असते. वारा कमी असला की गाठ नाकाकडे, वर घ्यावी लागते." नानांनी काही न बोलता गाठी वर घेतल्या, मूळ खुणेच्याही वर, करंगळीच्या नखाएवढ्या. "साठ वर्षांचे शास्त्र बुडाले," एवढेच ते म्हणाले. तेवढ्यात दूरच्या शेकोटीचा धूर वाकडा झाला. तो प्रथम नानांनी पाहिला. "आता. ओढू नकोस, मागे चाल."

हीच खरी युक्ती होती. मंद वाऱ्यात उभे राहून हात ओढल्याने काही होत नाही; उडविणाऱ्याने स्वतः मागे चालून आपल्या चालीचा वारा पतंगास द्यावा लागतो, आणि पतंग वर चढला की चार पावले पुढे जाऊन ती जागा परत मिळवावी लागते. भाचा मागे चालू लागला आणि तो निळा त्रिकोण सरळ माथ्यावर गेला, डावीकडे वळला, जमिनीपासून हातभर अंतरावरून आडवा सरकत गेला व पुन्हा वर चढला. आवाज जवळजवळ नाही; कापडाची किंचित फडफड तेवढी. मुले बोरे टाकून धावत आली.

सुताचा एक दोष लवकरच दिसून आला. पतंगाने एकाच बाजूस दोन कोलांट्या घेतल्या की दोरे एकमेकांत पिळले जात, आणि सूत सुतास धरून ठेवी. तिसरी कोलांटी घेतली तर हात हालवूनही पतंगास काही कळत नसे. म्हणून उजवीकडे दोन घेतल्या की डावीकडे दोन घेऊन पीळ उलगडावा लागे. थोरल्या मुलीने हा हिशेब चटकन उचलला. ती मोठ्याने उजव्या-डाव्या मोजीतच उडवू लागली.

मग पट्ट्या नानांच्या हातांत आल्या. कोणी आग्रह केला नाही. थोरल्या मुलीने त्यांच्याकडे जाऊन हात पुढे केले आणि त्यांनी ते घेतले. चार वर्षांत त्यांनी दोऱ्यास हात लावला नव्हता, आणि दोन दोऱ्यांस तर जन्मात नाही. पहिल्या दोन खेपांस पतंग आपटला, कारण त्यांचा उजवा हात जुन्या सवयीने ढील देऊ पाही. तिसऱ्या खेपेस तो चढला. नाना ढेकळांतून पाय चाचपीत मागे चालत होते. मागे काही अडखळू नये म्हणून आम्ही त्यांच्या पाठीशी चालत होतो. गुरु ग्रंथसाहेबात नामदेवांचे एक पद आहे. त्यात पतंग उडविणारा मुलगा सोबत्यांशी गोष्टी करीत असतो, पण त्याचे चित्त दोरीत असते. आम्ही नानांस त्या पदाची आठवण करून दिली, तर उत्तर नाही. वहिनीने चहा हवा का असे विचारले, उत्तर नाही. दोन दोऱ्यांच्या पतंगात सोबत्यांशी बोलण्याची सोय नसावी.

पाचच्या सुमारास वारा मोडला. पतंग आडवा जाता जाता एकाएकी हातातून सुटल्यासारखा झाला, त्यास सावरण्यासाठी नानांनी जोरात खेच दिली आणि डावा दोरा तुटला. एकेरी दोऱ्याचा पतंग असता तर तो ओ काट होऊन वलगावास गेला असता. येथे उजव्या दोऱ्याने त्यास धरून ठेविले आणि तो गरगरत पऱ्हाट्यांवर उतरला. वाळक्या बोंडाच्या टोकाने कापडास बोटभर भोक पडले. चीर पुढे गेली नव्हती. भाच्याने तेथेच धूळ पुसून त्यावर दोन्ही अंगांनी त्याच कापडाची चिकटपट्टी लावली. काकूंनी सुई-दोरा काढला होता तो परत ठेवावयास लावला, कारण टाक्याची भोके म्हणजे नव्या चिरीस आमंत्रण. भाताची खळ येथे चालणार नाही, याचे नानांस मनापासून वाईट वाटले.

नळ्या मात्र तपासावयास हव्या होत्या. कार्बनच्या नळीस तडा गेला तर बारीक कुसळे सुटतात व बोट फिरविल्यास ती आत शिरतात. भाचा रुमाल शोधू लागला. नानांनी शेजारच्या बोंडातून राहिलेला कापूस ओढून घेतला आणि तो नळीवरून हळूहळू फिरविला. एके ठिकाणी तंतू अडकले. तेवढी नळी बाजूला काढली. ही रीत परदेशातही अशीच आहे, असे भाचा म्हणाला. तेथे कापूस औषधाच्या दुकानातून आणतात, एवढाच फरक. कापड ओले अथवा धुळीचे गुंडाळू नये, आणि उडवीत नसताना उन्हात पसरून ठेवू नये, हेही त्याने मुलांस बजाविले.

आता दोरा. पऱ्हाट्यांत गुंतलेला डावा दोरा सोडविताना त्याचे चार तुकडे झाले. नानांनी धुऱ्यावर बसून ते मोजले. उजवा पंचावन्न हात, गुंजभर अधिक. सूत पुन्हा वाढले होते. डाव्याचे चार तुकडे मिळून बावन्न.

"तीन हात कमी आहेत," नाना म्हणाले.

भाच्याने सांगितले की सूत आहे, पावसाळ्यापर्यंत कुजून जाईल. नानांनी त्याच्याकडे पाहिले मात्र. सारी मंडळी पऱ्हाट्यांत शिरली. सूर्य टेकला, पेढीच्या अंगाने बगळे परतू लागले, पांढरा दोरा आणि पांढरा कापूस यांत फरक करणे कठीण होऊ लागले. मोबाइलचे दिवे लागले. एक तुकडा वहिनीस सापडला, दोन हातांचा. उरलेला हात धाकट्याने आणला. तो ज्या बोरीवर दुपारी चढला होता, तिच्याच काट्यास तो गुंडाळला गेला होता. नानांनी दोन्ही तुकडे कोपरापासून बोटापर्यंत लावून पाहिले, खिशात घातले, आणि खुर्ची उचलावयास सांगितले.

करीच्या दिवशी सकाळी गच्चीवर कागदी पतंग आले. त्यांच्या कन्न्या नानांनी बांधल्या, उभ्या काड्या डोक्यावर घासून वाकविल्या, आणि सद्दी मोजून दिली. पेच लावावयाचा नाही, ही अट मुलांस फारशी आवडली नाही. दहाच्या सुमारास शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी आमच्या पतंगावर चाल करून आला, तेव्हा थोरलीने नानांकडे पाहिले. "उतरव," नाना म्हणाले. पण ती चक्री गुंडाळीत असता त्यांचा उजवा हात गुडघ्यावर बारीक बारीक ढील देत होता, हे आम्ही पाहिले.